किनाऱ्यावरची कळलावी

कळलावी ही कंदापासून दरवर्षी नव्याने उगवणारी, पानांच्या शेंड्यांनी आधार पकडत वर चढणारी वेल आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेची आफ्रिका, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया एवढ्या मोठ्या टापूत ती मूळची आहे. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातल्या गडग्यांवर आणि शेताच्या बांधावरच्या करवंदीच्या जाळ्यांत ती श्रावण-भाद्रपदात फुलते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर हीच वेल माणसाच्या हाताने पोहोचली. आधी ती बागेत शोभेसाठी लावली गेली, मग कुंपणाबाहेर पडली आणि शेवटी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यापासून न्यू साउथ वेल्सच्या मध्य-उत्तर किनाऱ्यापर्यंत ती आज तण म्हणून उपटली जाते, तर भारतात अनेक ठिकाणी ती कंदांसाठी ओरबाडली जाऊन विरळ होत चालली आहे. वनस्पती एकच असताना दोन किनाऱ्यांवर तिची गत इतकी वेगळी का झाली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात वेलीच्या रचनेपासूनच करावी लागते.

तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव लिनियसने 1753 मध्ये दिले. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ वैभवशाली, दुसऱ्याचा दिमाखदार. युरोपला ही वेल त्याआधीच माहीत झाली होती. मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडने सिद्ध केलेल्या आणि 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमहून 12 खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात तिचे चित्र ‘मेंदोनी’ या मल्याळी नावाने आले आहे. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत. आता ती कोल्चिकेसी या कुळात मोडते. इंग्रजीत लोक तिला ‘ग्लोरी लिली’ किंवा ‘फ्लेम लिली’ म्हणतात, पण खऱ्या लिलीशी तिचे नाते दूरचे आहे.

मराठी आणि संस्कृत नावे तिच्याबद्दल बरेच काही सांगून जातात. कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून लांगली आणि हलिनी. फूल पेटलेल्या ज्योतीसारखे म्हणून अग्निशिखा. खड्यानाग हेही तिचेच नाव. ‘कळलावी’ या नावाचे मात्र दोन अर्थ लावले जातात. तिचा कंद बाळंतिणीला कळा आणण्यासाठी वापरत, म्हणून कळ लावणारी ती कळलावी, हा एक. तिचे फूल घरात आणले की घरात भांडणे लागतात या समजुतीवरून आला तो दुसरा. पहिला अर्थ जास्त पटण्याजोगा आहे, कारण संस्कृतातही तिला गर्भपातिनी असे नाव आहे. भांडणाच्या समजुतीनेही एक चांगले काम केले असावे: विषारी वेल लहान मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर राहिली. काही भागांत तिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात. तमिळ भाषेत हीच कांदळ, आणि संघकालीन तमिळ कवितेत स्त्रियांच्या बोटांना कांदळाच्या फुलाची उपमा वारंवार दिलेली आढळते. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांना या फुलात हातच दिसावा, हे फूल एकदा जवळून पाहिले की नवलाचे वाटत नाही.

कळी देठावर खाली मान घालून लटकते, तेव्हा ती पोपटी असते. उमलताना तिच्या सहा अरुंद पाकळ्या खाली न उघडता उलट्या वळतात आणि देठाच्या दिशेने वर उभ्या राहतात. पाकळ्यांच्या कडा चुणीदार साडीच्या काठासारख्या लहरी असतात. पहिल्या दिवशी पाकळी बुडाशी पिवळी आणि टोकाशी लालसर दिसते. दिवस जातील तसा लाल रंग खाली उतरत येतो आणि सगळे फूल शेंदरी, मग गडद तांबडे होते. एकाच वेलीवर पोपटी, पिवळी, शेंदरी आणि तांबडी अशी सगळी फुले एकाच वेळी दिसतात ती यामुळे. पाकळ्या वर गेल्यामुळे सहा लांब पुंकेसर खाली मोकळे पडतात आणि चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना पसरतात. स्त्रीकेसराचा दांडा अंडाशयापाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला निघून जातो. फुलाचे स्वतःचे परागकण स्वतःच्याच कुक्षीवर पडू नयेत यासाठी ही रचना उपयोगी पडते. फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी मधासाठी येतात आणि त्यांच्या पंखांना लागून पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात.

ही वेल चढते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. पान भाल्याच्या आकाराचे, बिनदेठाचे. त्याचे टोक निमुळते होत होत शेवटी एक बारीक ताणा बनते. हा ताणा गवताच्या काडीला, करवंदीच्या काट्याला, कुंपणाच्या तारेला, जे मिळेल त्याला वेटोळे घालतो. काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलीला ताणे वेगळे फुटतात. इथे पानच ताण्याचे काम करते. आधार मिळाला तर वेल तीन-चार मीटर सहज चढते. आधार नसेल तर वेली जमिनीवरच आडव्या पसरतात आणि एकमेकींना धरून गालिचा तयार करतात. वाळूच्या टेकड्यांवर हा गालिचाच जास्त नुकसान करतो.

जमिनीखाली व्ही किंवा एल अक्षरासारखा दुफाटा कंद असतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो आणि पुढच्या हंगामाचा कोंब त्याच डोळ्यातून येतो. हंगामाच्या शेवटी जुना कंद सुकतो आणि त्याच्या जागी नवे कंद तयार झालेले असतात. दुफाट्याचा सांधा तुटला तर दोन्ही फाटे आपापल्या डोळ्यानिशी स्वतंत्र वेली बनू शकतात. फळ म्हणजे बोटभर लांबीचे हिरवे बोंड. ते वाळले की तीन फाकांत उकलते आणि आत लालभडक, मिरीएवढ्या गोल बिया ओळीने चिकटलेल्या दिसतात. बी लगेच रुजत नाही, काही महिने सुप्त राहते. रोपाला फुलायला दोन-तीन वर्षे लागतात.

वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बिया सर्वांत जास्त. मुख्य विष आहे कोल्चिसीन. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे अतिसूक्ष्म धागे असतात. कोल्चिसीन हे धागे तयारच होऊ देत नाही, आणि विभाजन अर्ध्यावर थांबते. म्हणून ज्या पेशी सतत दुभंगत असतात त्यांच्यावर घाला आधी पडतो. आतड्याचे अस्तर पहिले: खाल्ल्यावर काही तासांत घशात जळजळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात, जुलाबांत रक्तही जाते. मग रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा, मूत्रपिंडे आणि हृदय कोलमडू लागतात. जो वाचतो त्याचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात, कारण केसांच्या मुळांतल्या पेशीही झपाट्याने दुभंगणाऱ्या असतात. श्रीलंकेत या वेलीला नियंगला म्हणतात. तिथे तिचा कंद खाण्याचा कंद समजून शिजवल्यामुळे मृत्यू झाले आहेत, आणि आत्महत्येसाठीही तो वापरला गेला आहे. कोकणात करांदे आणि कणगर हे कंद खाल्ले जातात, तिथेही ही चूक होऊ शकते. या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. कंद किंवा बिया पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता माणसाला रुग्णालयात न्यावे आणि वेलीचा तुकडा बरोबर न्यावा.

आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत गणले आहे, आणि कंद गोमूत्रात भिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरू नये असा दंडक घातला आहे. आधुनिक औषधशास्त्रालाही कोल्चिसीन हवेच असते. ते 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतून वेगळे केले. ही वनस्पती कळलावीच्याच कुळातली. गाउट या सांधेदुखीवर कोल्चिसीन आजही दिले जाते, आणि 2023 मध्ये अमेरिकेत ते अगदी कमी मात्रेत हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही मंजूर झाले. 1937 पासून ते वनस्पतींच्या पैदाशीतही वापरात आहे. त्याने पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, आणि बिनबियांच्या कलिंगडाच्या वाटेवरची पहिली पायरी हीच आहे. कळलावीच्या बियांना बाजार आहे तो या सगळ्यामुळे. तमिळनाडूत करूर, दिंडिगल, तिरुप्पूर या भागांतले शेतकरी तारांच्या मांडवावर तिची शेती करतात. फळधारणा चांगली व्हावी म्हणून तिथे माणसे सकाळी फुलाफुलावर जाऊन हाताने परागण करतात, आणि तयार बी निर्यात होते. लागवडीचा कंद हाताळताना त्याचा डोळा दुखावू नये म्हणून शेतकरी फार जपतात. डोळा तुटला की तो फाटा वाया गेला.

इतके देखणे फूल जगभर गेले नसते तरच नवल. ते तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. 1977 मध्ये भारतीय टपाल खात्याने कमळ, ऱ्होडोडेंड्रॉन आणि कदंब यांच्या जोडीला कळलावीवरही तिकीट काढले. जपानमध्ये आणि नेदरलँड्समध्ये ती काचघरात वाढवून फुलांच्या बाजारात पाठवली जाते. कापल्यानंतरही फूल बरेच दिवस टिकते. युरोपच्या थंडीत कुंपणाबाहेर पडण्याची तिची शक्यता नाही, हिवाळ्यातली ओली गारठलेली जमीन कंद कुजवते. उष्ण, पाऊसमान चांगले असलेल्या आणि पाणी झटकन निचरून जाणाऱ्या जमिनीच्या देशात गोष्ट वेगळी होते. प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर ती बागांतून बाहेर पडली, आणि सर्वांत जास्त नुकसान झाले ते पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे.

न्यू साउथ वेल्समध्ये सिडनीच्या उत्तरेला सुमारे 200 किलोमीटरवर पोर्ट स्टीफन्सचा उपसागर आहे. त्याच्या आसपासच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि किनारी झुडपांत या वेलीचा मोठा प्रादुर्भाव आहे. तिथून उत्तरेकडे किनाऱ्याने जाताना आणि क्वीन्सलँडच्या आग्नेय भागातही ती ठिकठिकाणी दिसते. हा किनारा समजून घ्यायला कोकणातल्या वाचकाला फारसे कष्ट पडणार नाहीत. कोकणच्या पुळणीवर भरतीरेषेच्या वर काटेरी गोळ्यांचे जे गवत वाऱ्याबरोबर घरंगळते, त्याला रावणाच्या मिशा म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या वाळूवर त्याच स्पिनिफेक्स प्रजातीतले दुसरे गवत आहे. मर्यादवेल तर दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे मूळची आहे. तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत देशोदेशी जातात आणि ती भरतीच्या मर्यादेपाशीच वाळूला धरून राहते. या गवताच्या आणि वेलीच्या मागे ऑस्ट्रेलियात किनारी बाभूळ आणि बँक्सिया यांची झुडपे लागतात. त्यांची मुळे वाळू धरतात, फांद्या खारा वारा अडवतात, आणि त्यांच्या आडोशाला आतले रान उभे राहते.

कळलावी शिरते ती याच झुडपांच्या पट्ट्यात. इथली वाळू भुसभुशीत, निचऱ्याची, ऊन भरपूर, चढायला हलकी झुडपे हाताशी. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे महाराष्ट्रात गौरी-गणपतीत ती फुललेली असते तेव्हा तिथे कंदातून नुकते कोंब वर येत असतात. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, टेकड्या तांबड्या फुलांनी पेटल्यासारख्या दिसतात. पाहणाऱ्याला हे दृश्य सुंदर वाटते, आणि तिच्याविरुद्ध लोकमत तयार होण्यात ही मोठीच अडचण आहे. त्या गालिच्याखाली बाभळीचे आणि बँक्सियाचे नवे रोप उजेडाअभावी मरते. जुनी झुडपे वय होऊन पडतात आणि त्यांची जागा घ्यायला कोणी उरत नाही. हिवाळ्यात कळलावी स्वतः वाळून जाते. वर्षाचे काही महिने ती जागा उघडी पडते, आणि किनाऱ्यावरची उघडी वाळू वारा उचलून नेतो. वाळू धरून ठेवणारे झुडूप गेले आणि त्याच्या जागी अर्धे वर्ष गायब राहणारी वेल आली, असा हा बदल आहे.

या किनाऱ्याला परक्या झाडांचा त्रास नवा नाही. तिथल्या वाळूतून खनिजे काढण्यासाठी टेकड्या उकरल्या गेल्या, आणि उघडी पडलेली वाळू थोपवण्यासाठी 1946 ते 1968 या काळात सरकारी खात्यानेच दक्षिण आफ्रिकेचे बिटू बुश नावाचे झुडूप मुद्दाम लावले. झुडपाने वाळू धरली, पण स्थानिक वनस्पतींना हुसकावून शेकडो किलोमीटर किनारा व्यापला. पुढे तेच काढण्यासाठी प्रचंड खर्च करावा लागला. बिटू बुश काढून मोकळ्या झालेल्या जागेत कळलावी मुसंडी मारते, असा या कामातल्या लोकांचा अनुभव आहे. एक तण काढले की जागा आपोआप मूळच्या झाडांची होत नाही. आधी पोहोचेल त्याची ती होते. शतावरीच्या नात्यातल्या आफ्रिकी वेलीही याच किनाऱ्यावर पसरल्या आहेत, आणि त्याही एकेकाळी टांगत्या कुंड्यांची शोभा होत्या.

मायदेशात ही वेल अशी का माजत नाही? एक उत्तर तिच्या पानांवरच रांगताना सापडते. भारतात पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाची अळी कळलावीवर जगते. पतंगाच्या नावातच वेलीचे नाव आहे. काळ्या अंगावर पांढरे आणि नारिंगी-तांबडे ठिपके असलेली ही अळी भर पावसाळ्यात वेलीची सगळी पाने फस्त करते आणि वेलीचा नुसता सांगाडा उरतो. कोल्चिसीनने तिचे काही बिघडत नाही. अळीने पाने खाल्ली की त्या हंगामात कंदात साठा कमी पडतो आणि पुढच्या वर्षीचा कोंब अशक्त निघतो. याशिवाय बुरशीजन्य रोग आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारी वाढलेल्या इतर झाडांची स्पर्धा आहे. या सगळ्या जाचात वेल आपल्या मापात राहते. ऑस्ट्रेलियात ती कंद आणि बी म्हणून आली आणि हा जाच मागेच राहिला. महाराष्ट्राने याची उलट बाजू भोगली आहे. अमेरिका खंडातून आलेली घाणेरी आणि रानमोडी आज सह्याद्रीत जिथे तिथे दिसतात. तिकडे ती साधी रानझुडपे आहेत. इथे त्यांनी कुरणे आणि रानवाटा गिळल्या.

मग ती अळीच ऑस्ट्रेलियात नेऊन का सोडू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. ऑस्ट्रेलियाने फड्या निवडुंगाच्या बाबतीत असा उपाय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केला होता, आणि अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी लाखो एकर जमीन मोकळी केली. पण परका कीटक सोडण्याआधी तो दुसऱ्या कशावर जाणार नाही याची खात्री करावी लागते. पॉलिटेलाची अळी एका कळलावीवर थांबत नाही. बागेतल्या लिली आणि त्यांसारखी इतर कंदवर्गीय झाडेही ती खाते. ऑस्ट्रेलियाच्या याच किनाऱ्यावर क्रायनम नावाची मोठी पांढरी लिली मूळची आहे. शिवाय कळलावीच्या कुळातल्या बर्चार्डिया, वर्मबिया अशा नाजूक रानफुलांच्या स्थानिक जाती तिथे आहेत. तण खायला आणलेल्या किड्याने ही फुले खाल्ली तर नुकसान दुप्पट. म्हणून सध्या तरी भिस्त आहे ती माणसाच्या हातावर आणि फवारणीवर.

हाताने काढणे ऐकायला सोपे वाटते. खोड धरून ओढले की ते कंदाच्या सांध्याशी कट्‌कन तुटते. हातात हिरवी वेल येते आणि कंद वाळूत राहतो. म्हणून खोडाच्या कडेने वाळू हळूहळू बाजूला सारत खाली जावे लागते. वीतभर गेले तरी खोड पांढुरके होत खालीच जात राहते. मग एक फाटा लागतो. तो उचलताना दुसरा मोडून वाळूत राहिला तर पुढच्या हंगामात तोच उगवणार, म्हणून दोन्ही टोके हाताला लागेपर्यंत खणायचे. बाजूची वाळू ढासळत असते आणि जवळच बँक्सियाची मुळे असतात, ती दुखावायची नसतात. एका कंदामागे इतका खटाटोप, आणि वेली हजारोंनी. हे काम तिथे स्थानिक परिषदांचे कर्मचारी आणि गावोगावचे स्वयंसेवक करतात. हातमोज्यांशिवाय वेलीला हात लावू नये, काम झाल्यावर हात धुवावेत, हा नियम ते पाळतात. काढलेले कंद आणि बोंडे ढिगावर टाकून चालत नाही. ती पिशवीत बंद करून न्यावी लागतात.

जिथे वेलींचा गालिचा झाला आहे तिथे ग्लायफोसेट आणि मेटसल्फ्युरॉन-मिथाइल या तणनाशकांची फवारणी केली जाते. फवारणीची वेळ चुकली तर श्रम वाया. पाने पूर्ण हिरवी असताना आणि बोंडे धरण्याआधी फवारले तरच औषध कंदापर्यंत पोहोचते, आणि नवे बी पडत नाही. पाने पिवळी पडू लागल्यावर फवारून उपयोग नाही, कारण तोवर नवा कंद तयार झालेला असतो. एका हंगामात काम संपतही नाही: वाळूत सुप्त कंद आणि बी असतेच, त्यामुळे त्याच जागी वर्षानुवर्षे परत जावे लागते. वेलीखालच्या स्थानिक रोपांवर औषध उडाले तर ती मरतात आणि मोकळी जागा पुन्हा तणालाच मिळते.

कुठून सुरुवात करावी, याबाबत ऑस्ट्रेलियात एक चांगली शिकवण रुजली आहे. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी 1960च्या दशकात आपल्या परिसरातल्या रानात स्वतः राबून ती घालून दिली. तण सर्वांत दाट आहे तिथे आधी तुटून पडू नये. रान जिथे अजून धडधाकट आहे तिथून सुरुवात करून तणाच्या दिशेने सरकावे. जमीन कमीत कमी उकरावी, आणि मूळची झाडे जितक्या वेगाने जागा भरून काढतील तितक्याच वेगाने पुढे जावे. कळलावीच्या बाबतीत ही शिकवण फार लागू पडते. टेकडीच्या कडेला उगवलेल्या दहा-बारा सुट्या वेली या वर्षी काढल्या तर पुढचे सगळे वाचते. त्यांचाच गालिचा झाल्यावर दहा वर्षे जातात.

नव्या जागी ती पोहोचते कशी, हेही पाहायला हवे. बिया पक्ष्यांमार्फत पसरतात. लाल रंगाला पक्षी भुलतात. पण मोठ्या उड्या माणसाच्या हातून होतात. बागेतला पालापाचोळा आणि उपटलेले कंद गाडीत घालून रानाच्या कडेला फेकण्याची सवय तिथे आहे, आणि किनाऱ्यालगतच्या बऱ्याच वेली अशा ढिगांतूनच उगवल्या आहेत. कंद असलेली माती भरावासाठी नेली तर वेल तिच्याबरोबर जाते. बागेतही ती मालकाचे ऐकत नाही: एकदा लावली की काढून टाकल्यानंतरही पुढची कित्येक वर्षे गुलाबाच्या वाफ्यातून, कुंपणाच्या फटीतून तिचे कोंब डोके काढतात. लहान मुले आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात तेवढाच धोका टिकून राहतो. न्यू साउथ वेल्समध्ये 2015च्या जैवसुरक्षा कायद्याने अशा वनस्पतीमुळे होणारा धोका टाळण्याची जबाबदारी जमिनीच्या प्रत्येक मालकावर टाकली आहे.

भारतात चिंता उलटी आहे. औषधी व्यापारासाठी रानातून कंद खणून नेला की वेलीचा संपूर्ण साठाच जातो. बी रुजून नवी वेल फुलायला दोन-तीन वर्षे लागत असल्याने भरपाई होत नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीला प्राधान्य दिलेल्या वनस्पतींत कलिहारी या हिंदी नावाने तिचा समावेश केला आहे, तो रानावरचा हा भार कमी व्हावा म्हणून. सह्याद्रीत भटकताना ती दिसली तर फूल पाहावे, अळी दिसली तर तीही पाहावी, कंद मात्र जागेवर राहू द्यावा.

सिडनी, ब्रिस्बेन आणि मेलबर्नमध्ये आता मराठी घरे बरीच आहेत आणि गौरी-गणपती तिथेही थाटात होतात. गावाकडची ओळखीची वेल परसात असावी असे वाटणे अगदी समजण्याजोगे आहे, पण या वेलीचे कंद किंवा बिया सामानातून नेऊ नयेत. ऑस्ट्रेलियात उतरताना बी-बियाणे आणि झाडांचे भाग प्रवाशाला जाहीर करावे लागतात. लपवल्यास दंड होतो. तिथल्या बागेत कळलावी आधीच असेल तर बोंडे हिरवी असतानाच तोडून पिशवीत बंद करावीत, हातमोजे घालून कंद काढावेत आणि ते कधीही रानात टाकू नयेत. कुंपणावर फुलणारी वेल हवीच असेल तर हिबर्टिया स्कँडेन्स लावता येते. तिची फुले पिवळीधमक आणि मोठी असतात, पाने बाराही महिने हिरवी राहतात, आणि ती त्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांची मूळचीच वेल आहे.